एकशे अठरा ग्रॅमचं अंजीर

संध्याकाळी सहा वाजले की मी व्हर्नियर, म्हणजे जबड्यात वस्तू धरून बारीक माप घ्यायचं हत्यार, घेऊन परसात जातो. बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटीला होतो, हायड्रॉलिकचे पार्ट मोजण्यात उमर गेली, दोन शतांश मिलिमीटर इकडचं तिकडं झालं की अख्खा लॉट बाजूला काढायचा. २०१९ ला रिटायर झालो तेव्हा शाल-श्रीफळ मिळालं, पण व्हर्नियर माझा स्वतःचा होता, पहिल्या बोनसातनं घेतलेला, तो डब्यासकट घरी आणला. काही महिने कपाटात पडून होता. आता त्यानं अंजिरं मोजतो.

आमचं घर अनगोळात. जुनं कौलारू, पुढं गल्ली, मागं लांबट परसू, त्यात विहीर, न्हाणी, कढीपत्ता, एक चिकू आणि विहिरीच्या कठड्यापासून सात-आठ पावलांवर हे अंजिराचं झाड. २०१६ च्या पावसाळ्यात लावलं. नर्सरीवाला म्हणाला डायना आहे, बळ्ळारीकडं याच्याच बागा असतात, फळ मोठं येतं. मला तोवर अंजीर म्हणजे पुरंदरचं, सासवडकडचं, पुण्याला बहिणीकडं गेलो की खोक्यात पानं घालून मिळायचं तेच माहीत. (त्या पुरंदरच्या अंजिराला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेही २०१६ लाच, आमचं रोप लावलं त्याच वर्षी, त्यामुळं ते साल माझ्या डोक्यात पक्कं बसलंय.) ते फळ चवीला फार गोड पण आकारानं लहान, चाळीस-पन्नास ग्रॅमचं. डायना मोठं हे खरंच, पण झाडाला आपलं आपण सोडलं तर आमच्याकडं तेही चाळिशीतच राहतं, हे मला चार वर्षांनी कळलं.

पहिली दोन-तीन वर्षं मी झाडाचे नुसते लाड केले. शेणखत, परत शेणखत, एकदा कुणीतरी सांगितलं म्हणून मूठभर युरिया. पानं अशी आली की एकेक पान सुपाएवढं, शेजारी बघायला यायचे, आणि फळं? पाणचट, फिकी, आतनं पांढरी. वर पावसाळ्यात तांबेरा. पानाच्या खालच्या बाजूला गंजासारखी तांबूस पावडर, हात लावला की बोटाला लागते, आणि आठ दिवसांत झाड उघडं. नत्र जास्त झालं की झाड पानं वाढवत बसतं, फळाकडं बघत नाही, आणि ती लुसलुशीत पानं रोगाला पहिली बळी पडतात. आता हे सगळं मी शहाण्यासारखं सांगतोय पण तेव्हा मला वाटायचं पानं एवढी छान आहेत म्हणजे झाड खूश आहे.

आमच्या इथली माती तांबडी. पाऊस जून ते सप्टेंबर झोडपून काढतो आणि त्या पाण्याबरोबर मातीतला चुना वाहून जातो, माती आंबट होते. अंजिराला आंबट माती नको, त्याला चुनखडीची आवड. ह्यावर औषध आमच्या घरातच होतं, आणि आई ते मी सांगायच्या आधीपासनं घालत होती, बंबातली राख. आमच्याकडं अजून न्हाणीत बंब पेटतो, आईला गिझरचं पाणी ‘उथळ’ लागतं म्हणते, तर ती रोज सकाळी राख गार झाली की टोपलीनं झाडाच्या भोवती टाकायची. मला वाटायचं राख टाकायला जागा नाही म्हणून टाकते. राखेत चुना असतो आणि पोटॅशही असतं, फळात साखर भरायला जे लागतं ते. मी पिशवीतलं खत विकत आणत होतो आणि झाड जगत होतं आईच्या टोपलीवर.

पलीकडं भिंतीला लागून एक कन्नड अक्का राहतात, त्यांचं आणि आईचं भिंतीवरनं रोज बोलणं, अर्धं कन्नड अर्धं मराठी. एकदा मी रविवार पेठेतनं सुकं अंजीर घेऊन आलो, आईला पोटासाठी डॉक्टरांनी सांगितलेलं. अक्कांनी पुडा बघितला आणि म्हणाल्या, “हित्तल गिड मद्दल्ल.” परसातलं झाड औषधाला चालत नाही! त्यांच्याकडं अंजूर म्हणतात, आमच्याकडं अंजीर, भिंतीच्या दोन्ही बाजूला फळ एकच पडतं. त्या बोलण्याचा मला राग आला नाही पण मनात बसलं. घरात झाड असताना मी पुड्यातलं आणतोय. तेव्हा ठरवलं की नीट शिकायचं.

शिकायचं म्हणजे माझ्या डोक्यात एकच रस्ता, मोजायचं. २०२० मध्ये सगळं बंद होतं, घराबाहेर पडायचं नाही, मग दहा फळांना रंगीत दोरे बांधले, डायरीत दहा रकाने केले, आणि रोज सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा असं मापायला लागलो. व्हर्नियरचे जबडे स्टीलचे, फळाच्या सालीला घासले की ओरखडा उठतो आणि चीक येतो, म्हणून दोन्ही जबड्यांना कापडी चिकटपट्टी लावली. पट्टीमुळं झिरो एरर, म्हणजे जबडे मिटूनही दिसणारं माप, आला शून्य पूर्णांक चार मिलिमीटर, तो प्रत्येक मापातनं वजा करायचा. कारखान्यात पोरांना शिकवायचो ते आता एकटाच करत होतो, आणि खोटं कशाला बोलू, त्या लॉकडाऊनमध्ये मला दुसऱ्या कशानं एवढा आधार दिला नाही.

आणि त्या डायरीनं जे दाखवलं ते मी आधी कुणाकडनं ऐकलं नव्हतं. अंजीर रोज थोडं थोडं वाढत नाही. पहिले पाच आठवडे भराभर वाढतं, ज्वारीच्या दाण्यापासनं सुपारी, सुपारीपासनं लिंबू. मग थांबतं. थांबतं म्हणजे खरोखर थांबतं, महिना महिना तेच माप, एकोणतीस पूर्णांक दोन, एकोणतीस पूर्णांक दोन, एकोणतीस पूर्णांक चार. हिरवं, टणक, दगडासारखं. पहिल्या वर्षी मला वाटलं फळांना काहीतरी झालं, रोग पडला, दोन फळं तोडून कापून पण बघितली. आत बिया कडक होत होत्या. झाड आतलं काम करत होतं, बाहेर काही दाखवायचं नव्हतं. आणि मग एक दिवस माप एकदम मिलिमीटरनं पुढं. दुसऱ्या दिवशी अजून तीन. आठ-नऊ दिवसांत फळ दुप्पट रुंद होतं, रंग पालटतो, मान लवते, आणि साखर बहुतेक सगळी ह्याच शेवटच्या दिवसांत भरते. ग्राफ काढला तर दोन पायऱ्यांचा जिना दिसतो, मधे लांब सपाट. नंतर वाचलं तेव्हा कळलं की फळांचा अभ्यास करणाऱ्यांना हे कधीचं माहीत आहे, त्याला नाव पण आहे, पण मला ते माझ्या दोऱ्यांच्या फळांनी सांगितलं ह्याचं अप्रूप आहे.

अजून एक गंमत, सकाळचं माप संध्याकाळच्या मापापेक्षा जास्त यायचं. रात्रीत मोठं झालेलं फळ दिवसात बारीक होतं? पहिल्यांदा वाटलं मापात चूक, परत परत घेतलं. चूक नव्हती. दुपारच्या उन्हात पानं पाणी ओढतात, मुळांना तेवढं पुरवता येत नाही, मग पानं फळातनं पण उचलतात, आणि रात्री फळ आपलं परत भरून घेतं. हे कळलं आणि पाणी द्यायची माझी सगळी पद्धतच बदलली.

कारण तोवर मी काय करायचो, तर नळाला पाणी यायचं त्या दिवशी झाडाला पाणी. आमच्याकडं नळ रोज येत नाही, आला की टाक्या, पिंप, घागरी, सगळं भरून उरलं की नळी झाडाच्या बुडात सोडून द्यायची, अर्धा तास. मग चार-पाच दिवस काही नाही. अंजिराची मुळं वरच्या वरच पसरतात, तीही अशी सुकतात आणि बुडतात, सुकतात आणि बुडतात. आणि शेवटच्या आठवड्यात जेव्हा फळ फुगत असतं, साल ताणलेली असते, तेव्हा एकदम पाणी मिळालं की फळ तडकतं. डोळ्यापासनं, म्हणजे फळाच्या बुडाशी बारीक भोक असतं तिथनं, उभी चीर, त्यात मुंग्या, दुसऱ्या दिवशी आंबूस वास. मोठं फळ पहिलं तडकतं हे त्यातलं दुःख.

आता विहिरीचं पाणी, तिसऱ्या दिवशी दोन बादल्या, संध्याकाळी, झारीनं, आळ्याच्या कडेनं. आणि बुडात वीतभर भाताचं पिंजर. यळ्ळूरचा एक जुना सोबती आहे कारखान्यातला, त्याचं भाताचं शेत, तो सुगी झाली की दोन भारे टाकून जातो. पिंजरानं ओल टिकते, सकाळ-संध्याकाळच्या मापातला फरक निम्म्यावर आला, हे मी डायरीतनं सांगतोय, अंदाजानं नाही.

आता मोठ्या फळाचं जे खरं मर्म आहे त्याच्याकडं येतो, आणि त्याच्यावरनंच घरात भांडण झालं.

अंजीर नव्या फुटव्यावर येतं, प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक. म्हणजे फांदीवर बारा पानं तर बारा फळं, झाड काही मागं ठेवत नाही. पण फळाला खायला घालणार पानंच. आणि बारा फळं फांदीवर असली की सगळ्यांना थोडं थोडं, सगळी चाळीस ग्रॅमची. म्हणून आधी शेंडा खुडायचा, सहा-सात पानं झाली की, म्हणजे झाड लांबी वाढवायचं सोडून असलेल्याकडं बघतं. आणि मग फळं काढायची. सुपारीएवढी असतानाच. फांदीला दोन ठेवायची, फार तर तीन, बाकीची तोडून टाकायची.

मी पहिल्यांदा तोडायला लागलो तेव्हा आई न्हाणीच्या दारात उभी होती.

“काय करूलास गा हे?”

मी सांगितलं, मोठी व्हावीत म्हणून.

“कच्ची लेकरं हाईत ती. झाडानं धरलंय न्हवं? मग तू कोण तोडणारा?”

मी पानं-फळं-साखर असं सगळं समजावून सांगितलं, डायरी दाखवली. ती ऐकत होती, ऐकून झाल्यावर म्हणाली, “गल्लीत किती घरं हाईत ठाऊक हाय नव्हं तुला?” आणि आत गेली. दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. मला तिचं म्हणणं कळत होतं. तिला मोठं फळ नको होतं, तिला पुष्कळ हवी होती. अंजीर उतरलं की ती ताटलीत चार-चार घालून अकरा घरी पाठवते, समोर, शेजारी, भिंतीपलीकडं अक्कांकडं, कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्याकडं. आणि मी तिच्या वाटणीची सुपारीएवढी फळं मातीत टाकत होतो. चीक गळत होता त्यांच्या देठातनं, पांढरा, दुधासारखा, ते बघून तिला काय वाटलं असेल.

(तो चीक अंगावर घेऊ नका हे मधेच सांगतो. छाटणी केली, हाताला चीक लागला, तसाच उन्हात काम करत राहिलो आणि दुसऱ्या दिवशी मनगटापासनं कोपरापर्यंत भाजल्यासारखे फोड. ऊन आणि चीक एकत्र आले की कातडी जळते, डाग सहा महिने गेले नाहीत. सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी, आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट.)

शेवटी २०२२ च्या छाटणीच्या वेळी वाटणी झाली. झाडाला तीन जाड फांद्या आहेत. विहिरीकडच्या दोन आईच्या, तिथं मी कात्री लावायची पण फळाला हात नाही लावायचा. चिकूकडची एक माझी. भावकीत शेताची वाटणी होते तशीच, फक्त कागद नाही. आईनं आपल्या फांद्यांना जुन्या साडीची हिरवी पट्टी बांधली, म्हणाली, “हिकडं यायचं न्हाई.”

छाटणी आम्ही धरतो ऑक्टोबरच्या मधे. पावसाचा जोर ओसरला की झाडाला पाणी द्यायचं नाही, वीस दिवस ताण, पानं पिवळी पडून गळतात, मग छाटायचं. हा मीठा बहार, उन्हाळ्याच्या तोंडाला येणारा. पावसाळ्यात येतो तो खट्टा, आणि बेळगावच्या पावसात खट्टा बहार धरणं म्हणजे बुरशीला जेवायला बोलावणं, मी तर धरूच नका म्हणतो. छाटलं की जिथं फुटवा हवा तिथल्या फांदीच्या डोळ्याच्या, म्हणजे अंकुराच्या, थोडं वर तिरकी खाच पाडायची, साल आणि किंचित लाकूड जाईल एवढी. शेंड्याकडनं एक हार्मोन खाली येत असतं, तेच खालच्या डोळ्यांना झोपवून ठेवतं, खाच पाडली की ते वरच अडकतं आणि झोपलेला डोळा जागा होतो. जपानमध्ये तर झाडच आडवं वाढवतात, बुंध्यापासनं दोन फांद्या जमिनीला समांतर, दोन हात पसरल्यासारख्या, आणि त्यावर सरळ उभे फुटवे ओळीनं, म्हणजे प्रत्येकाला सारखं ऊन. मी माझी एक फांदी दोरीनं ओढून तशी आडवी केलीय, पूर्ण नाही, थोडी.

छाटल्याबरोबर मोरचूद-चुन्याची फवारणी. दहा लिटर पाण्याला शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम चुना, वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत विरघळवून मग एकत्र. मिश्रणात लोखंडी विळा बुडवून बघायचा, त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून घालायचा. तांबेऱ्यासाठी मला ह्यापेक्षा चांगलं काही सापडलं नाही.

आणि पिशव्या. फळ रंग पालटायला लागलं की बुलबुल, कोकीळ, खार, रात्री वटवाघूळ, कुणाला आमंत्रण लागत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत फळ घामेजतं आणि कुजतं. वडगावात आमचा मावसभाऊ मागावर असतो, त्याच्याकडनं सुती कटपीस आणलं आणि आईकडं दिलं. तिला म्हटलं माझ्या फांदीसाठी नऊ पिशव्या शिव. तिनं विचारलं नऊच? मी म्हटलं नऊच फळं ठेवलीत. काही बोलली नाही. हातानंच शिवल्या, बारीक टाक्यांनी, तोंडाला नाडी घालून, चौऱ्याऐंशी वर्षांच्या डोळ्यांनी, आणि मोजल्या तेव्हा दहा निघाल्या. एक जास्तीची कशाला विचारलं तर म्हणाली, फाटली एखादी तर.

आपल्याकडं म्हण आहे, फार दिवसांनी कुणी भेटलं की ‘उंबराचं फूल झालास की’ म्हणतात. उंबर आणि अंजीर एकाच कुळातले. फूल नसतं असं नाही, फळ म्हणतो तेच आतनं फुलांनी भरलेली बंद पिशवी असते, शेकडो बारीक फुलं आतल्या बाजूला तोंड करून. उंबराला परागीकरणासाठी एक इवलीशी माशी लागते, ती डोळ्यातनं आत शिरते, म्हणूनच उंबर फोडलं की किडे दिसतात. आमच्या अंजिराला ती माशी लागत नाही, ते तसंच धरतं. नातीला कापून दाखवलं, म्हटलं हे बघ उंबराचं फूल, ती म्हणाली आज्जा हे तर फुलांचं घर आहे. तेवढ्या वर्षांत मी कधी त्याच्याकडं तसं बघितलं नव्हतं.

२०२३ च्या ऑक्टोबरात छाटलं, डिसेंबरच्या दहा तारखेला माझ्या फांदीवरच्या चौथ्या फुटव्यावर ज्वारीएवढं फळ दिसलं, त्याला लाल दोरा. त्या फुटव्यावर पुढं फक्त तेवढंच एक ठेवलं, बाकी सगळी काढली, आठ पानांमागं एक फळ. जानेवारीच्या मधे एकोणतीस मिलिमीटर. मग सपाट. संक्रांत गेली, माघही निम्म्याहून जास्त सरला, तरी सपाट. एकतीस पूर्णांक सहावर ते बसलं आणि हलेना. ह्या वेळी मला भीती वाटली नाही. २ मार्चला वीस बादल्यांचा हिशोब करून विहिरीची पातळी बघून ठेवली.

३ मार्चला हललं. बत्तीस पूर्णांक आठ. मग पस्तीस, एकोणचाळीस, त्रेचाळीस. मी रात्री टॉर्च घेऊन जायला लागलो. बायको म्हणाली बाळंतपण आहे काय परसात. ८ मार्चला बावन्न, आणि त्याच दिवशी दुपारी दक्षिणेला, खानापूरच्या बाजूला, ढग चढले. ज्यानं बेळगावात दिवस काढलेत त्याला ठाऊक आहे वळीव काय असतो. दुपारी रखरखीत ऊन, चारला अंधार, विजा, गारा, अर्ध्या तासात गटारं भरून वाहतात आणि पाचला परत ऊन. एरवी मला वळवाचा वास फार आवडतो. पण फुगत असलेल्या अंजिरावर वळीव म्हणजे तडा ठरलेला, २०२१ ला माझी सहाच्या सहा फळं एका संध्याकाळात उलली होती.

जुन्या पुस्तकांत एक युक्ती आहे, डोळ्याला तेलाचा थेंब लावला की अंजीर लवकर पिकतं, भूमध्य समुद्राकडचे लोक हजारो वर्षं करत आलेत, ऑलिव्हच्या तेलानं. चालतं ते, मी खोबरेल लावून बघितलंय आदल्या वर्षी, चार-पाच दिवस आधी पिकलं. पण त्या दिवशी हात होईना. एवढे दिवस थांबलोय तर त्याच्या वेळेनं होऊ दे. मग दोघांनी मिळून, मी आणि आई, झाडाच्या बुडात पिंजरावर ताडपत्री अंथरली, उताराकडं टोक करून, पाणी आळ्यात उतरू नये म्हणून, आणि फळावर पिशवीच्या वरनं एक उलटं प्लॅस्टिकचं भांडं बांधलं. आई म्हणाली, “माझ्या फांदीचं काय?” तिच्या फांद्यांवर साठाच्या वर फळं होती. तिच्या अर्ध्या आळ्यावर पण ताडपत्री ओढली. पाऊस आला नाही. ढग गडगडले आणि धारवाडकडं निघून गेले. पण त्या रात्री मी झोपलो नाही.

११ मार्चला सकाळी एकसष्ट पूर्णांक आठ मिलिमीटर, लांबी सत्तर. मान पूर्ण लवलेली, सालीवर बारीक पांढऱ्या रेघा, डोळ्याशी मधाचा एक थेंब. अंजीर तोडल्यावर पिकत नाही, आंब्यासारखं अढीत घालून भागत नाही, झाडावरच पिकू द्यावं लागतं, आणि तो थेंब आला की मग एक दिवस पण थांबायचं नाही. दोन बोटांत धरलं आणि किंचित वर उचललं, आपलं आपण सुटलं. चीक आला नाही.

शहापुरात ओळखीच्या सराफाकडं घेऊन गेलो डब्यात कापूस घालून. एकशे अठरा ग्रॅम, वर पॉइंट चार. त्यानं दोनदा ठेवलं. २०१५ मध्ये इंग्लंडमध्ये दोनशे पंचाण्णव ग्रॅमचं अंजीर निघालं होतं, गिनीजमध्ये नोंद आहे, त्याच्यापुढं माझं निम्मंसुद्धा नाही. पण माझ्या परसात, ह्या तांबड्या मातीत, विहिरीच्या पाण्यावर एकशे अठरा. माझ्या बाकीच्या आठांची सरासरी नव्वद आली. आईच्या दोन फांद्यांवरची त्रेसष्ट फळं, तीही वजन केली सगळी, सरासरी एक्केचाळीस. म्हणजे तिची दोन किलो पाचशेच्या वर, माझी सगळी मिळून किलोच्या आत. फांद्या तिच्या दोन आणि माझी एक हे धरलं तरी तिची जास्तच भरतात. हे डायरीत लिहून ठेवलंय, कारण मोठं फळ काढलं म्हणजे झाडानं जास्त दिलं असं नसतं. साखर एका जागी जमते, एवढंच.

घरी आलो तर आई कट्ट्यावर इळी घेऊन बसली होती. डबा उघडून तिच्या हातात दिलं. तिनं उलटंपालटं करून बघितलं, नाकाशी नेलं, मला म्हणाली, “आंब्यासारखं जड हाय गा.” मला फोटो काढायचा होता, नातीला पाठवायचा होता, मोबाईल आत चार्जिंगला, आणायला गेलो आणि परत येईपर्यंत तिनं ते उभं चिरलं होतं. आत गडद गुलाबी, मधोमध पाकासारखं ओलं, कडेची पांढरी भिंत कागदाएवढी पातळ. नेहमीच्या फळात ती भिंत जाड असते. मी खिशातनं व्हर्नियर काढला.

“मोजूलास काय, खा की,” म्हणाली आणि देठाकडचा तुकडा माझ्या हातात ठेवला. देठाकडचा भाग कमी गोड असतो असं समजतात, मी पण समजायचो. तो तुकडा मी कट्ट्यावर बसून खाल्ला, बिया दातांखाली बारीक फुटत होत्या, आणि साखरेच्या आधी एक हिरवट, पानासारखी चव येऊन गेली. तोवर तिनं मोजून अकरा तुकडे ताटलीत लावले होते, दुसरा हात गुडघ्यावर टेकून उठली, आणि पहिली भिंतीकडं गेली, अक्कांना हाक मारायला.